नुकतंच वाचलेलं: फँटसी, रोमान्स, कॉमिक्स (आणि वाचक नेमका कुठे गळतो?)

पानउलट्या

ओळीने वाचून झालेला ऐवज असा: 'अर्थसी'चे पहिले तीन भाग, 'मिस्टबॉर्न'चा पहिला भाग, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पुन्हा एकदा, आणि 'फुलमेटल अल्केमिस्ट' या मांगाचे (म्हणजे जपानी कॉमिक्सचे) २७ खंड. थोडक्यात मतं देतो, मग प्रश्न.

'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८): उर्सुला ले ग्विन यांनी जादूला घातलेला लगाम फार आवडला. ज्याचं खरं नाव ठाऊक, त्याच्यावरच सत्ता चालते. आता समुद्र म्हटला की त्याच्या प्रत्येक खाडीला, प्रत्येक कोपऱ्याला वेगळं नाव. त्यामुळे अख्खा समुद्र मुठीत घेणं कोणत्याच जादूगाराला जमणार नाही. एवढ्या एका अटीमुळे पुस्तकात कुठेही 'आणि मग त्याने मंत्र म्हटला' असं होत नाही. दुसऱ्या भागात मात्र नायक गेड बराच वेळ येतच नाही. पहिल्या भागाच्या जोरावर दुसरा घेणाऱ्याला हे कोणी आधी सांगत नाही.

'मिस्टबॉर्न' (२००६), लेखक ब्रँडन सँडरसन: जादू चोख, संवाद सपक.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३): यावर मी काय बोलणार. दुसऱ्या वाचनात तो पाद्री कॉलिन्स जास्त हसवतो.

'फुलमेटल': या यादीतलं सगळ्यात बांधेसूद कथानक. २००१ ते २०१० दर महिन्याला येत होतं, तरी कुठे पाणी घातल्यासारखं वाटत नाही.

आता प्रश्न. फँटसी घेणारे पहिल्या शंभर पानांत गळतात. रोमान्सचा शेवट आधीच ठाऊक म्हणून लोक नाकं मुरडतात. कॉमिक्स अर्ध्या तासात संपलं की पैसे पाण्यात गेल्याची ओरड. दोष वाचकाचा, पुस्तकाचा, की सुरुवात भलत्याच पुस्तकाने झाली याचा? नुसतं 'भारी आहे' नको. कुठे अडकतं आणि का, ते सांगा.

सोनचाफा

रुमाल टाकून ठेवते. रोमान्सवर सविस्तर लिहिणार आहे.

तिसरी_घंटा

फँटसीपुरतं सांगतो. गळती बहुतेक वेळा नावांमुळे होते. पहिल्या वीस पानांत बारा राज्यं, चार वंश आणि दोन युगं आली की माणूस पुस्तक मिटतो. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये तर कथा सुरू व्हायच्या आधीच हॉबिट लोकांच्या चालीरीती, त्यांची तंबाखू आणि त्यांचा इतिहास यावर प्रस्तावना आहे. ती पहिल्या वाचनात बेलाशक सोडा. थेट बिल्बोच्या वाढदिवसापासून सुरुवात करा आणि प्रस्तावना शेवटी वाचा, तेव्हा ती गोड लागते.

दुसरी अडचण मधल्या खंडात येते. हे पुस्तक मुळात सहा भागांचं, प्रकाशकाने ते १९५४-५५ मध्ये तीन खंडांत काढलं. मधल्या खंडाचा पहिला अर्धा पूर्ण अ‍ॅरागॉर्न आणि मंडळींचा, दुसरा अर्धा पूर्ण फ्रोडो-सॅमचा. अधेमधे कुठेही एकीकडून दुसरीकडे उडी नाही. ज्यांना सिनेमाची सवय आहे ते इथे वैतागतात. फ्रोडोचं काय झालं हे कळायला अर्धा खंड थांबायची तयारी हवी.

मुंगीमहाराज

बॉम्बडिल राहिला की. निम्मी जनता त्या रानातल्या बुवाच्या गाण्यांत शहीद होते.

तिसरी_घंटा

@मुंगीमहाराज, बॉम्बडिल सोडू नका. लोकं सोडतात आणि पुढे हॉबिटांकडे तलवारी आल्या कुठून म्हणून विचारतात. त्या तिथल्याच थडग्यांतल्या. मेरी या हॉबिटच्या हातातल्या पात्याचं महत्त्व शेवटच्या खंडात कळतं. गाणी सोडा हवं तर.

गडद_शाई

धागाकर्त्याने 'मिस्टबॉर्न'ला 'जादू चोख' म्हणून एका ओळीत निकालात काढलंय, त्यावर थोडं लिहितो, कारण वाचकाला धरून ठेवायची युक्ती तिथे उघडी दिसते.

धातूची पूड द्रवातून गिळायची आणि पोटात 'जाळायची'. लोखंड जाळलं की भोवतालचा धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलाद जाळलं की दूर ढकलता येतो. कथिलाने ज्ञानेंद्रियं तीक्ष्ण होतात, प्यूटर या कथिलाच्या मिश्रधातूने अंगात बळ येतं, जस्ताने दुसऱ्याच्या भावना भडकवता येतात, पितळेने शांत करता येतात. तांब्याने आपली जादू लपते, काशाने दुसऱ्याची पकडता येते. मिश्रधातूचं प्रमाण चुकलं की जाळणारा आजारी पडतो.

यातली खरी गंमत वजनात आहे. हवेत नाणं फेकून त्याला पोलादाने ढकललं तर नाणं उडून जातं, कारण ते हलकं. तेच नाणं जमिनीला टेकलं की त्याला सरकायला जागा उरत नाही, मग ढकलणारा वर उडतो. समोर जड तिजोरी असेल तर मागे तुम्हीच फेकले जाता. न्यूटनचा तिसरा नियम अधिक चोरांची टोळी. हे सगळं नायिकेला शिकवलं जातं त्याच वेळी वाचकाला कळतं. त्यामुळे पुढची हाणामारी वाचताना कोण कुठे उडणार याचा अंदाज आपणच बांधू लागतो.

सँडरसनचा स्वतःचा सिद्धांतच आहे: वाचकाला जादू जितकी समजलेली, तितकीच लेखकाने ती पेच सोडवायला वापरावी. तोटाही त्यातच. पन्नासावं नाणं फेकलं जातं तेव्हा प्रसंग कवायतीसारखा वाचला जातो. ले ग्विनकडे ते होत नाही.

रावसाहेब_उत्तर_पेठ

@गडद_शाई, ले ग्विनकडे होत नाही, कारण तिथे किंमत शरीराने मोजायची नसून स्वत्वाने मोजायची आहे. ससाण्याचं रूप घेऊन गेड उत्तरेकडून पळतो तो प्रसंग पाहा. रूप जितका जास्त वेळ अंगावर, तितकं माणूसपण विसरायला होतं. तो गुरूच्या मनगटावर येऊन बसतो तेव्हा त्याला बोलताही येत नाही. ओगिऑन त्याला ओळखून नावानिशी परत आणतो. इथे नियम आहे, पण त्याचं कोष्टक नाही. मला अशी जादू जास्त काळ पुरते. कोष्टकवाली फँटसी एकदा उलगडली की संपली.

गडद_शाई

असहमत. कोष्टक नसेल तर लेखक ऐनवेळी हात वर करतो याचीच उदाहरणं जास्त. ले ग्विन अपवाद आहेत, नियम नव्हे.

विदूषक७

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कोणीतरी कॉमिक्सवर लिहा. (पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

चौकटराजा

घ्या. आधी 'अर्ध्या तासात संपलं' या तक्रारीबद्दल. अर्ध्या तासात संपतात ती अक्षरं. संवादाच्या फुग्यातला मजकूर वाचायचा, चित्राकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं आणि पान उलटायचं, अशी कॉमिक्स वाचली तर ती महागच पडणार.

पान उघडलं की आधी अख्खं पान बघा. मोठी चौकट कुठली, लहान कुठल्या, काळा भाग कुठे दाटलाय. मग फुगे वाचा. मग दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडून गेलं ते बघा. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) मध्ये या उडीचे सहा प्रकार पाडलेत: क्षणाकडून क्षणाकडे, कृतीकडून कृतीकडे, एका पात्राकडून दुसऱ्याकडे, प्रसंगाकडून प्रसंगाकडे, एकाच जागेच्या वेगवेगळ्या अंगांकडे, आणि संबंधच नसलेली उडी. अमेरिकन कॉमिक्समध्ये कृतीकडून कृतीकडे ही उडी सगळ्यात जास्त. मांगामध्ये जागेची अंगं फिरून दाखवणाऱ्या चौकटी बऱ्याच: पंखा, रिकामी खुर्ची, खिडकीबाहेरची तार. यात 'काही घडत नाही' म्हणून लोक पटापट पुढे जातात, आणि मग प्रसंगाचा ठोका चुकतो.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण चौकटीच्या आतले फुगेही उजवीकडूनच वाचायचे हे विसरतात, आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर असं वाचून 'भाषांतर वाईट आहे' म्हणतात.

कसर_कपाटातली

पूर्वी इंग्रजीत मांगा उलटवून छापायचे ना?

चौकटराजा

हो, आरशातल्यासारखी पानं उलटवत. 'अकिरा' १९८८ पासून अमेरिकेत आलं ते उलटवलेलं आणि वर रंगवलेलं. त्यामुळे सगळी पात्रं डावखुरी होतात. 'फुलमेटल'चं असं केलं असतं तर पंचाईतच होती. नायक एडचा उजवा हात आणि डावा पाय पोलादी. डावा पाय आईला परत आणण्याच्या प्रयोगात जातो, उजवा हात भावाचा आत्मा चिलखताला बांधताना. कुठला अवयव कशाच्या बदल्यात गेला हे कथेला शेवटपर्यंत पुरतं. तिथे डावं-उजवं करून चालत नाही.

पानउलट्या

@चौकटराजा, आता 'फुलमेटल'चा विषय निघालाच आहे तर. तिथला नियम समतुल्य देवाणघेवाणीचा: काहीतरी दिल्याशिवाय काही मिळत नाही. आणि प्रौढ माणसाच्या शरीराची यादीच दिलीय: पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा १०० ग्रॅम, गंधक ८० ग्रॅम, फ्लोरिन साडेसात ग्रॅम, लोखंड ५ ग्रॅम, सिलिकॉन ३ ग्रॅम, शिवाय आणखी १५ मूलद्रव्यं चिमूटभर. एड म्हणतो, लहान मुलाच्या खाऊच्या पैशांत बाजारात मिळेल एवढंच हे सामान. सगळं मोजून मांडतात आणि तरीही माणूस बनत नाही. @गडद_शाई आणि @रावसाहेब, तुमच्या वादाचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. कोष्टक पूर्ण दिलंय आणि कथा उभी आहे ती कोष्टकात न बसणाऱ्या गोष्टीवर.

मुंगीमहाराज

अमोनिया ४ लिटर आमचा वाणी देत नाही. बाकी यादी व्हॉट्सअ‍ॅप केली आहे.

रावसाहेब_उत्तर_पेठ

यादी आवडली. मत तेच.

सोनचाफा

रुमालावर येऊन बसते आता.

'शेवट ठाऊक असतो' हा आक्षेपच मला कळत नाही. रोमान्समध्ये शेवट गोड होणार हा वाचकाशी केलेला करार असतो. खून कोणी केला हे शेवटी कळणार, हे रहस्यकथेत आधीच ठाऊक असतं की. बघायचं असतं ते हे, की दोघांच्या मधे काय उभं आहे आणि ते कुठे मोडतं.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे आकडेच घ्या. एकूण प्रकरणं ६१. नायक डार्सीची लग्नाची पहिली मागणी ३४व्या प्रकरणात, म्हणजे मध्याच्या जरासं पुढे. ३५व्यात त्याचं पत्र. दुसरी मागणी थेट ५८व्यात. पुस्तक मूळ तीन खंडांत निघालं आणि तिसरा खंड सुरू होतो तो ४३व्या प्रकरणाने, नायिका एलिझाबेथ पेंबर्लीला, म्हणजे डार्सीच्या वाड्यावर जाते तिथून. पत्र ते पेंबर्ली या टप्प्यात डार्सी जवळजवळ दिसतच नाही. नायक गायब, आणि नेमकी तेव्हाच नायिका बदलते. पत्र ती पुन्हा पुन्हा वाचते. आधी विकहॅम या गोडबोल्या अधिकाऱ्याबद्दलचा मजकूर खोटा वाटतो, मग त्याच्या वागण्यातले जुने बारकावे आठवतात. पहिल्याच भेटीत एका परक्या मुलीला त्याने एवढं सगळं का सांगितलं, हे तिला तेव्हा खटकलं नव्हतं, आता खटकतं.

म्हणजे अडथळा बाहेरचा नाही, दोघांच्या स्वभावातला आहे. हल्लीच्या बऱ्याच रोमान्समध्ये ८० टक्क्यांवर एक गैरसमज येतो. ती अर्धवट संवाद ऐकते, तो शहर सोडतो. एक फोन केला असता तर मिटलं असतं. वाचक गळतो तो तिथे. शेवट माहीत असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

'मिस्टबॉर्न'मधला रोमान्स मला याच कारणाने पुठ्ठ्याचा वाटला. अडथळे सगळे राजकारणातले.

तिसरी_घंटा

+१. आणि टॉल्किनने तर अख्खी प्रेमकथा परिशिष्टात टाकलीय. अ‍ॅरागॉर्न-आर्वेन कसे भेटले आणि शेवटी तिचं काय झालं, हे पहिल्या परिशिष्टात आहे. कथा संपली म्हणून पुस्तक मिटणाऱ्यांनी ती पानं वाचलेलीच नसतात.

कसर_कपाटातली

फँटसी आणि रोमान्स एकत्र हवं असेल तर डायना विन जोन्स यांचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६). २००४चा सिनेमा पाहिला असेल तरी वाचा, उत्तरार्ध पार वेगळा आहे. सोफी टोप्या शिवता शिवता टोप्यांशी बोलते. एका टोपीला ती म्हणते की कोणी बडा माणूस तुझ्यावर भाळेल, आणि ती टोपी घेणारी बाई खरंच एका सरदाराबरोबर पळून जाते. सोफीला आपण जादू करतोय याचा पत्ता नाही, वाचकालाही बराच वेळ नाही. वाड्याच्या दाराच्या मुठीला चार रंग, रंग खाली आला की दार वेगळ्या गावात उघडतं. काळ्या रंगाला थेट आपल्या जगातलं वेल्स! तिथे हाउलची बहीण त्याला नोकरी नाही म्हणून बोल लावते. आणि जॉन डनची एक कविता शाप म्हणून वापरलीय, तिची एकेक ओळ खरी होत जाते.

रोमान्स म्हणाल तर दोघं सगळं पुस्तकभर भांडतात. @सोनचाफा, तुमच्या कसोटीला उतरेल. अडथळा म्हणजे तिचा न्यूनगंड आणि त्याची पळपुटी वृत्ती.

सोनचाफा

वाखुसा (वाचनखूण साठवली)!

रावसाहेब_उत्तर_पेठ

अवांतर: 'रोमँटसी' म्हणून हल्ली जो गाजावाजा चाललाय, तसलं मराठीत पहिल्यापासून आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८). अद्भुत आणि शृंगार हातात हात घालून. भाषा जड आहे, पण एकदा लय सापडली की पाच-दहा पानांत सवय होते. मोठ्याने वाचा, लवकर सापडते.

विदूषक७

आलं. आता पुष्पक विमान यायला किती प्रतिसाद लागतात ते बघू.

झापड_काढा

आणि इंद्रजालचं कोणीच नाव काढत नाही? मार्च १९६४ला सुरू, १९९०ला बंद, मराठीतही निघायचं. आपल्याकडे वेताळ (म्हणजे फँटम) तिथूनच घरोघरी पोचला. परत वाचताना दोन गोष्टी लक्षात येतात. एक, ही मुळात वर्तमानपत्रातली पट्टी. रोज तीन-चार चौकटी, त्यातल्या पहिलीत कालचं थोडं पुन्हा सांगायचं. तेच अंकाच्या पानांवर बसवताना काही चौकटी कापल्या जातात आणि कथा मधेच टुणकन उडी मारते. कथालेखक ली फॉकवर राग काढू नका. दोन, मूळ पट्टीतली बंगाल आणि सिंग ही नावं आपल्याकडे वावगी वाटतील म्हणून इंद्रजालमध्ये देश 'डेंकाली' झाला आणि चाच्यांची टोळी 'सिंगा'.

चौकटराजा

@झापड_काढा, त्यात देवनागरी अक्षरांची अडचणही धरा. इंग्रजी फुग्यात सगळी मोठी लिपी, ओळीला ओळ चिकटवली तरी चालते. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं. इंग्रजीत पाच ओळी मावतात त्या फुग्यात आपल्या तीन-चार. म्हणून मजकूर छाटावा लागतो किंवा अक्षर बारीक करावं लागतं. जुन्या अंकांत पात्रं तुटक बोलतात त्यामागे हेही एक कारण.

झापड_काढा

हे पटलं. तुमच्यापैकी कोणाला जुने अंक टिकवायचं तंत्र ठाऊक आहे का? मुंबई-कोकणच्या हवेत पिना गंजतात आणि मधली पानं तांबूस होतात.

कसर_कपाटातली

नाव माझं कसर असलं तरी सांगते. गंजलेली पिन ओढू नका, कागद फाटतो. अंक मधोमध उघडा, पिनेची दोन्ही टोकं आतून बोथट पातळ पात्याने सरळ करा आणि मग पिन मागून अलगद बाहेर काढा. गंजाची पूड मऊ ब्रशने झाडा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला मारा. नवी पिन मारलीत तर पुन्हा तेच होणार.

फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात नको. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो, मग निघत नाही. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढंच. वर्तमानपत्री कागद आम्लधर्मी असतो, तो पिवळा पडणारच. उन्हापासून लांब ठेवलात तर वेग कमी होतो. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पीव्हीसीची नको. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका आणि तिचा रंग बदलला की तापवून परत वापरा. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका.

मुंगीमहाराज

पूर्ण नाव 'कसर_कपाटातली_आणि_हकालपट्टीही' करा.

नवा_भिडू

छान धागा. माझ्याकडे ६ इंची ई-रीडर आहे. त्यावर यातलं काय वाचता येईल?

चौकटराजा

नुसता मजकूर असलेलं सगळं. मांगा कसाबसा, कारण जपानी खंडाचं पानच साधारण ११ बाय १७ सेंटीमीटरचं आणि बहुतेक काळंपांढरं. ६ इंची पडदा त्याहून लहान, म्हणून बारीक टिपा वाचताना डोळे ताणावे लागतात. दोन पानांवर पसरलेलं चित्र आलं की आडवं धरायचं. अमेरिकन अंक साधारण १७ बाय २६ सेंटीमीटर, युरोपियन अल्बम त्याहून मोठे आणि रंगीत. त्यांना निदान १० इंची टॅबलेट हवा. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते, ती पहिल्या वाचनाला वापरू नका. पानाची मांडणी दिसतच नाही, आणि निम्मी मजा तिथेच असते. टिनटिनच्या ६२ पानांत उजव्या पानाची शेवटची चौकट बहुधा कशावर थांबते ते बघा: कोणीतरी दाराकडे बघतंय, कोणाला तरी आवाज ऐकू आलाय. चौकट-चौकट करून वाचलं तर हे हरवतं.

नवा_भिडू

धन्यवाद. आणि मूळ प्रश्नावर: सुरुवात कशाने करू? फँटसी आजवर वाचलेलीच नाही.

तिसरी_घंटा

'अ विझार्ड ऑफ अर्थसी'. लहान आहे, नावं कमी आहेत, नकाशा एकदाच बघावा लागतो. पुढचे भाग निघाले त्या क्रमाने वाचा. चौथा 'टेहानू' १९९०चा, तिसऱ्यानंतर १८ वर्षांनी आलेला. सूर एकदम बदलतो, साहस जवळपास नाहीच. म्हणून तिसरा संपला की लगेच तो घेऊ नका, मधे थोडे दिवस जाऊ द्या. त्यानंतर कथासंग्रह आणि मगच 'द अदर विंड'. संग्रहातली ड्रॅगनवाली शेवटची कथा वाचली नसेल तर शेवटच्या भागात एक पात्र आकाशातून पडल्यासारखं वाटतं.

गडद_शाई

मी 'मिस्टबॉर्न' म्हणेन, हे उघड आहे. पहिली शंभर पानं शिकवणीची आहेत, ती धीर धरून वाचा.

सोनचाफा

'हाउल्स मूव्हिंग कॅसल'. प्रतिसाद आल्यापासून अर्धं वाचून झालं. सरदाराबरोबर पळालेली बाई भेटली.

पानउलट्या

@नवा_भिडू, 'फुलमेटल' घ्यायचं असेल तर एक सूचना. तीन खंड एकत्र असलेली जाड आवृत्ती, नऊ पुस्तकांत सगळं, स्वस्त पडते. पण पाठ जाड, त्यामुळे दोन पानांवरच्या चित्राचा मधला भाग शिवणीत जातो. पुठ्ठाबांधणीची १८ खंडांची आवृत्ती पान मोठं असलेली, पण महाग. सुटे खंड वाचनालयात मिळाले तर पहिले चार आणा, त्यातच कळेल. दुसऱ्या खंडात एक लहान मुलगी आणि तिचा कुत्रा येतो. रात्री झोपायच्या आधी तो खंड उघडू नका.